नोंद असते, पण आठवण होत नाही: कामांची ॲप्स नेमकी कुठे अडतात

कामांची यादी ठेवणारं एखादं ॲप आपण मोठ्या उमेदीने फोनवर घेतो. सुरुवातीला डोक्यातलं सगळं त्यात ओततो, रंग देतो, टॅग लावतो आणि खरंच हलकं वाटतं. थोडे दिवस गेले की चित्र पालटतं. विम्याच्या हप्त्याची नोंद असूनही तारीख टळून जाते. फोनवर पूर्ण केलेलं काम लॅपटॉपवर अजून बाकीच दिसतं. मुदत उलटलेल्या कामांची लाल रांग इतकी वाढते की ॲप उघडायला हात धजावत नाही. मग दुसरं ॲप, मग तिसरं. शेवटी बरेच जण एकाच ठिकाणी येऊन थांबतात: दोष माझाच, मला शिस्त नाही.

मला हे मनापासून चुकीचं वाटतं. या वैतागाची बरीचशी कारणं आपल्या स्वभावाच्या बाहेर सापडतात. काही फोनच्या बॅटरीत असतात, काही तारीख साठवण्याच्या पद्धतीत, काही कंपन्यांच्या हिशेबात. आणि एक कारण या सगळ्यांच्या मुळाशी आहे: काम साठवणं, ते सापडणं आणि ते वेळेवर आठवणं ही तीन वेगळी कामं आहेत, पण आपण ती एकाच ॲपवर एकाच अपेक्षेने सोपवतो. साठवण्यात संगणकाचा हात कुणी धरू शकत नाही. शोधून देणंही त्याला बऱ्यापैकी जमतं. तिसऱ्या कामात मात्र तो अजून कच्चा आहे.

टेबलावरचा ढीग काय करायचा

१९८३ साली थॉमस मॅलोन या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑफिसात काम करणारे लोक आपलं टेबल कसं लावतात, हे त्यांनी त्या लोकांशी बोलून जाणून घेतलं होतं. काहींची टेबलं नीटनेटकी होती, प्रत्येक कागद नाव घातलेल्या फाइलमध्ये. काहींच्या टेबलावर नुसते ढीग. ढीग म्हणजे अव्यवस्था, असं पाहणाऱ्याला वाटतं. मॅलोन यांच्या लक्षात आलं की टेबलावरचा कागद दोन कामं करत असतो. हवा तेव्हा सापडणं हे एक. आणि येता-जाता नजरेला पडून ‘माझं अजून बाकी आहे’ असं सांगत राहणं हे दुसरं. फाइल कपाटात गेली की पहिलं काम उत्तम होतं आणि दुसरं बंद पडतं.

ॲप हे असंच बंद कपाट आहे. उघडेपर्यंत आतलं काहीच दिसत नाही, आणि उघडायचं आहे हेही आपल्यालाच आठवावं लागतं. कागदाच्या ढिगाला आपली जाहिरात करायला सूचना लागत नव्हती, ॲपला लागते. म्हणून सगळा भार येऊन पडतो तो त्या एका सूचनेवर.

आता त्या सूचनेला काय कळतं ते पाहा. झालेली गोष्ट आठवणं आणि पुढे करायची गोष्ट योग्य वेळी आठवणं या मानसशास्त्राच्या दृष्टीने निराळ्या गोष्टी आहेत. करायच्या गोष्टींमध्येही दोन जाती आहेत. काही वेळेशी बांधलेल्या असतात: पाच वाजता फोन करायचा. काही प्रसंगाशी बांधलेल्या असतात: सहकारी भेटला की त्याच्याकडून फाइल मागायची. प्रसंगाशी बांधलेली गोष्ट आठवायला सहसा सोपी जाते, कारण समोर आलेला माणूसच खूण पटवतो. वेळेच्या बाबतीत बाहेरून कुणी खूण पटवत नाही, आपणहून घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागतं.

ॲप्सना यातली पहिली जात चांगली कळते. ठिकाणावरून आठवण देणारी सोय काहींत आहे, पण रोजच्या वापरात बहुतेक गाडी तारीख आणि वेळेवरच चालते. त्यामुळे आपण सहकाऱ्याकडच्या फाइलचं रूपांतर ‘संध्याकाळी ५ वाजता’ असं करून टाकतो. पाच वाजता सूचना येते तेव्हा आपण बसमध्ये उभे असतो, एका हाताने दांडा धरलेला. अंगठ्याने ती सूचना बाजूला सारली जाते. दुसऱ्या दिवशी सहकारी समोरून जातो तेव्हा फोन गप्प असतो. ॲपने सांगितलं तसं केलं, आपण आळस केला नाही, तरी काम राहिलं.

यावर एक उपाय आहे आणि त्याला ॲप लागत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘जर अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा ठरवण्याचा बराच अभ्यास केला. १९९९ मधला त्यांचा लेख या विषयात आजही आधाराला घेतला जातो. नुसतं ‘हे करायचं आहे’ असं ठरवण्यापेक्षा प्रसंग आणि कृती यांची जोडी मनात पक्की केली तर काम पार पडण्याची शक्यता वाढते. तेव्हा जी कामं प्रसंगाशी बांधलेली आहेत त्यांना वेळ चिकटवू नका. नोंद करताना प्रसंगच लिहा: ‘सकाळच्या बैठकीत बसलो की फाइलचं विचारणे.’ वाक्य लांबतं, पण ते लिहिताना ती जोडी आपल्या डोक्यात बसते, आणि तेच तर हवं असतं.

सूचना वाजलीच नाही

काही वेळा वेळ योग्य असते, नोंद योग्य असते, आणि तरीही फोन वाजत नाही. इथे कारण अगदी यांत्रिक आहे आणि ते फार कमी लोकांना कुणी समजावून सांगितलेलं असतं.

अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीत, २०१५ साली, बॅटरी वाचवण्यासाठी डोझ नावाची सोय आली. फोन चार्जिंगला नसेल, हलत नसेल आणि स्क्रीन बंद असेल, तर काही वेळाने तो गाढ झोपेत जातो. या झोपेत ॲप्सची इंटरनेटची कामं आणि साधे अलार्म मागे ढकलले जातात. अधूनमधून फोन थोडा वेळ जागा होतो आणि साठलेली कामं एकदम उरकतो. जितका वेळ फोन पडून राहील तितकं हे जागं होणं विरळ होत जातं. घड्याळाच्या गजराला यातून सूट आहे, आणि ॲप बनवणाऱ्याने खास पद्धत वापरली तर त्यालाही ठरल्या वेळी फोन जागा करता येतो. ती पद्धत वापरली नसेल, तर सकाळी साडेसहाची आठवण तुम्ही फोन हातात घेता त्या क्षणी, सव्वासात वाजता, येते.

पुढे २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने नेमक्या वेळी वाजण्यासाठी वेगळी परवानगी आणली. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना दाखवायलाही आपली संमती घ्यावी लागते. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ती नेमक्या वेळेची परवानगी नव्याने घेतलेल्या बऱ्याचशा ॲप्ससाठी मुळातच बंद ठेवली गेली. कॅलेंडर आणि गजराच्या ॲप्सना तेवढा अपवाद. शिवाय काही फोन बनवणारे या सगळ्यावर स्वतःची बॅटरी-बचत चढवतात, आणि बरेच दिवस न उघडलेलं ॲप परस्पर झोपवून टाकतात. सूचनांना हो म्हटलं म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तीन वेगवेगळी दारं उघडी असावी लागतात: सूचना दाखवण्याचं, नेमक्या वेळी वाजण्याचं आणि बॅटरीच्या निर्बंधातून सुटकेचं.

आयफोनवर गंमत निराळी. तिथे एका ॲपने फोनवर आगाऊ लावून ठेवलेल्या सूचनांपैकी सर्वात जवळच्या ६४ च यंत्रणा लक्षात ठेवते. ज्याने शंभर-दीडशे कामांना आठवणी लावल्या आहेत त्याच्या पुढच्या सूचना तिथे नसतातच. ॲप पुन्हा जागं होईल तेव्हा त्याने त्या भराव्या लागतात. चांगली ॲप्स हे सांभाळून घेतात. पण सगळ्यात जास्त आठवणी लावणारा माणूसच या मर्यादेला सगळ्यात आधी धडकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणून माझा आग्रह असा: औषध, विमान, परीक्षा अशी चुकून चालणारच नाही अशी गोष्ट असेल तर ती फोनच्या घड्याळातल्या गजरावर लावा. ॲपची सूचना चुकली तरी चालेल अशा गोष्टींसाठी ठेवा. आणि नवं ॲप घेतलं की पहिल्याच रात्री एक चाचणी करा: फोन चार्जरशिवाय टेबलावर ठेवून द्या, सकाळची एक सूचना लावा आणि ती फोनला हात न लावता वाजते का ते पाहा.

‘दर महिन्याला’ म्हणजे कधी

कॅलेंडरच्या नोंदी एका ॲपमधून दुसऱ्यात नेता याव्यात म्हणून आयकॅलेंडर नावाचं एक प्रमाण, म्हणजे सगळ्यांनी पाळायची एक ठरलेली पद्धत, आहे. ते १९९८ मध्ये आलं, २००९ मध्ये सुधारलं गेलं, आणि आज जवळपास सगळी कॅलेंडरं ते समजतात. त्यात एक साधा दिसणारा नियम आहे: पुनरावृत्तीतून जर अस्तित्वात नसलेली तारीख निघाली तर ती गाळायची.

३१ जानेवारीला तुम्ही ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला हप्ता’ अशी नोंद केलीत, तर त्या नियमाप्रमाणे फेब्रुवारीत काहीच येणार नाही. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्येही नाही. वर्षातले पाच महिने नोंद गायब, आणि कुठेही चूक झाल्याचा इशारा नाही, कारण नियमानुसार चूक झालेलीच नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचा ‘दरवर्षी’ येणारा वाढदिवस याच नियमाने चार वर्षांतून एकदा उगवतो. काही ॲप्स या बाबतीत उदार असतात आणि ३१ ला महिन्याच्या अखेरच्या दिवसावर ओढून घेतात. पण तिथे दुसरी मेख आहे. पुढची तारीख मूळ तारखेवरून न काढता आधीच्या तारखेवरून काढली जात असेल, तर फेब्रुवारीत ३१ चे २८ होतात आणि मग मार्चपासून कायम २८ च राहतात. अखेरचा दिवस हवा असेल तर ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असा पर्याय शोधा. आयकॅलेंडरच्या प्रमाणात तो आहे. ॲपमध्ये दिसत नसेल तर २८ तारीख लावून मोकळे व्हा.

याहून जास्त त्रास देतो तो ‘कशापासून मोजायचं’ हा प्रश्न. पाण्याचा फिल्टर दर तीन महिन्यांनी बदलायचा आहे. या वेळी तुम्ही पाच आठवडे उशिरा बदललात. पुढची आठवण कधी यावी? फिल्टरच्या दृष्टीने, बदलल्या दिवसापासून तीन महिन्यांनी. पण कॅलेंडरची पुनरावृत्ती सुरुवातीच्या तारखेला खिळलेली असते, त्यामुळे ती दोन महिन्यांच्या आतच पुन्हा दारात उभी राहते. भाड्याच्या बाबतीत नेमकं उलटं: तिथे तारखेलाच खिळलेली पुनरावृत्ती हवी, तुम्ही मागच्या वेळी कधी भरलंत याच्याशी तिचा संबंध नाही. कामांच्या चांगल्या ॲप्समध्ये ‘पूर्ण केल्यापासून मोजा’ असा पर्याय असतो, पण तो बऱ्याचदा दोन-तीन पडदे आत दडलेला असतो. हे दोन प्रकार मिसळले की यादी खोटं बोलू लागते, आणि एकदा तिच्यावरचा विश्वास उडाला की माणूस तिच्याकडे बघणं सोडतो.

प्रवास करणाऱ्यांना किंवा परदेशातल्या लोकांबरोबर काम करणाऱ्यांना वेळेचा आणखी एक गुंता भेटतो. ‘सकाळी ९’ ही वेळ तीन तऱ्हेने साठवता येते. एखाद्या विशिष्ट टाइम झोनमधले ९. जगभर एकच असलेला एक क्षण. किंवा मी जिथे असेन तिथले ९. बैठकीला पहिला प्रकार लागतो, रोजच्या गोळीच्या आठवणीला बहुधा तिसरा. ॲप सहसा न विचारता एक निवडून टाकतं. वाढदिवस नुसती तारीख म्हणून न ठेवता मध्यरात्री ते मध्यरात्र असा ठेवला असेल, तर पश्चिमेकडच्या देशात उतरल्यावर तो आदल्या दिवशी सुरू झालेला दिसतो. आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथल्या माणसाने ठरवलेली दर आठवड्याची बैठक वर्षातून दोनदा आपल्या दिवसात एक तास सरकते, कारण ती त्याच्या घड्याळाला बांधलेली असते.

फोन एक सांगतो, लॅपटॉप दुसरं

सिंक झालं, म्हणजे सगळ्या उपकरणांवरची माहिती सारखी झाली, असं आपण सहज म्हणतो, पण त्यामागचं काम अवघड आहे. खरेदीची एक यादी घ्या. लिफ्टमध्ये नेटवर्क नसताना तुम्ही फोनवर तिच्यात ‘बॅटरी’ जोडलीत. त्याच वेळी घरात कुणी लॅपटॉपवर ‘दिवा’ जोडला. दोन्ही उपकरणांना वाटतं की आपली यादी ताजी. नेटवर्क आल्यावर दोन ताज्या याद्या सर्व्हरकडे पोहोचतात. सगळ्यात सोपा नियम असा की ज्याची वेळ नंतरची तो जिंकला. अशा ॲपने पूर्ण यादी ही एकच वस्तू मानली असेल, तर ‘बॅटरी’ किंवा ‘दिवा’ यांतलं एक शांतपणे नाहीसं होतं. काही ॲप्स त्याऐवजी दोन्ही प्रती ठेवतात. म्हणून एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतात आणि आपल्याला त्या ओळ-ओळ ताडून पाहाव्या लागतात.

‘नंतरची’ हेही सरळ नाही, कारण दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत जुळतील याची खात्री नसते. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की वेगवेगळ्या यंत्रांवर घडलेल्या घटनांचा क्रम केवळ घड्याळावर विसंबून ठरवता येत नाही. आता बदल एकेका अक्षराच्या पातळीवर नोंदवून कुणाचंही न गमावता जोडता येतील अशा रचना आहेत. २०११ पासून त्यांचा पाया चांगला मांडला गेला आहे. पण त्या बनवायला कष्ट पडतात आणि जुन्या ॲपमध्ये नंतर बसवणं आणखी अवघड.

पुसलेलं काम पुन्हा का उगवतं, हा मला बऱ्याच जणांनी विचारलेला प्रश्न. एखादी नोंद पुसली की सर्व्हर ‘ही पुसली आहे’ अशी एक खूण काही काळ ठेवतो, म्हणजे बाकीच्या उपकरणांना कळतं. कपाटात पडलेला जुना टॅब्लेट अनेक महिन्यांनी चालू केला आणि तोवर ती खूण सर्व्हरने टाकून दिलेली असली, तर टॅब्लेटवरची नोंद सर्व्हरला नवीन वाटते. तो ती स्वीकारतो आणि सगळीकडे पसरवतो. जुनं उपकरण पुन्हा वापरात आणताना त्यावरच्या ॲपमधून आधी बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करणं हाच खात्रीचा मार्ग.

कप्पे करण्यात गेलेला वेळ

फोल्डर, उपफोल्डर, टॅग यांबद्दल थोडक्यात सांगतो. २०११ मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ लोक ईमेल पुन्हा कशी शोधतात याच्या ८५,००० हून अधिक नोंदी तपासल्या. शोधपट्टीत शब्द टाकून ईमेल सरासरी १७ सेकंदांत मिळत होती, फोल्डरमधून जाताना सुमारे ५८ सेकंद लागत होते, आणि फोल्डरमुळे ती सापडण्याची शक्यताही वाढत नव्हती. स्वतः बनवलेल्या फाइलींच्या बाबतीत मात्र लोक अजूनही फोल्डरनेच जाणं पसंत करतात, असं दुसऱ्या अभ्यासांतून दिसतं, आणि ते समजण्यासारखं आहे: जागा आपण निवडलेली असते. तेव्हा बाहेरून आलेलं, म्हणजे ईमेल, पावत्या, लेख, हे एका ढिगात ठेवून शोधावं; स्वतः घडवलेलं जागेवर ठेवावं. टॅगचा पसारा मी तरी कुणाला सुचवणार नाही. सहा महिन्यांनी आपण कोणता शब्द शोधू हे आज ठरवता येत नाही. त्यापेक्षा नोंदीच्या पहिल्या ओळीत चार साधे, बोलण्यातले शब्द लिहिलेले जास्त उपयोगी पडतात.

लाल रांग

आता सगळ्यात मोठ्या वैतागाकडे येऊ. यादी संपत नाही.

यादीत भर घालायला दोन सेकंद लागतात, आणि ते काम करायला दोन तास. इतकी तफावत असल्यावर यादी वाढणारच. त्यात आपला अंदाजही चुकतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधलं: काम किती वेळात होईल याचा अंदाज बांधताना माणूस मागचे अनुभव बाजूला ठेवतो आणि सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. त्यांचं उत्तर सरासरी ३४ दिवसांच्या आसपास होतं. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, असंही विचारलं. तेव्हा सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही अपुरा पडला. आपण आजच्या तारखेला नऊ कामं लावतो तेव्हा हेच करत असतो, आणि संध्याकाळी सहा लाल होतात.

तो लाल रंग दिसतो तो आणखी एका कारणाने. बहुतेक ॲप्समध्ये कामाला एकच तारीख देता येते. आपण तिथे ‘या दिवशी करावं असं वाटतं’ हेही लिहितो आणि ‘या दिवसानंतर दंड लागेल’ हेही. दोन्ही सारखेच लाल होतात. महिन्याभरात डोळ्यांना सवय होते की लाल झालं तरी काही बिघडत नाही, आणि मग खरी मुदत त्याच गर्दीत निसटते. ज्या आयकॅलेंडरबद्दल वर लिहिलं त्यात कामासाठी सुरुवातीची तारीख आणि मुदतीची तारीख १९९८ पासून वेगळ्या आहेत. शिवाय काम कोणत्या स्थितीत आहे हे सांगायला चार पर्याय आहेत: करायचं आहे, चालू आहे, पूर्ण झालं, रद्द केलं. ॲप्सनी या सगळ्याचा एक चौकोन करून टाकला, टिक करा किंवा करू नका. मला यातला ‘रद्द’ हा पर्याय गेल्याचं फार वाईट वाटतं. सोडून देण्याचा निर्णय हाही निर्णयच आहे, आणि तो नोंदवायला जागा नसली की ते काम पुसताना उगाच अपराधी वाटतं, म्हणून ते पडून राहतं.

अपुरं काम मनात घोळत राहतं हे आपण सगळेच अनुभवतो. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले: अर्धवट राहिलेली कामं त्यांच्या प्रयोगात जास्त लक्षात राहिली. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी सापडलेला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण २०११ मधलं मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचं काम इथे अधिक कामाचं आहे. अपुरं उद्दिष्ट मनात असलेल्या लोकांचं वाचनातलं लक्ष उडत होतं. ज्यांना त्या उद्दिष्टासाठी नेमकी योजना आखू दिली त्यांचं लक्ष उडणं थांबलं, जरी काम अजून झालेलं नव्हतं.

म्हणजे मन मोकळं होण्यासाठी काम पूर्ण व्हायलाच हवं असं नाही, पण कधी, कुठे, कसं हे ठरायला हवं. ॲपमध्ये ‘बँक’ असा एक शब्द टाकल्याने ते ठरत नाही. ‘बँक’ हा शब्द दिसतो तेव्हा पुन्हा विचार करावा लागतो: बँकेत काय होतं? पत्ता बदलायचा होता. त्याला काय लागतं? नवा पुरावा. तो कुठे आहे? इथे मन दमतं आणि बोट पुढच्या ओळीवर जातं. तीच नोंद ‘शनिवारी सकाळी नव्या घराचा करारनामा काढून स्कॅन करणे’ अशी असेल तर विचार आधीच झालेला असतो. रोज दोन-तीन नोंदी अशा तऱ्हेने पुन्हा लिहिणं हे मी कोणत्याही नव्या ॲपपेक्षा वरचं मानतो. आणि मुदतीच्या रकान्यात फक्त खरी मुदत. बाकीच्यांना तारीख नको. दिवसाची निवडक कामं सकाळी वेगळ्या चिठ्ठीवर उतरवली तर उत्तमच, कारण ती चिठ्ठी टेबलावर राहते आणि दिसत राहते.

ॲपच बंद होतं तेव्हा

सगळी घडी बसली आणि ॲपच गेलं, असंही होतं. ॲस्ट्रिड हे कामांचं लोकप्रिय ॲप याहूने २०१३ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. मेलबॉक्स हे ईमेलचं ॲप ड्रॉपबॉक्स कंपनीने २०१३ मध्ये घेतलं, २०१६ मध्ये ते बंद झालं. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० रोजी थांबवलं. गूगलचं इनबॉक्स हे ईमेलचं ॲप २०१४ मध्ये आलं, २०१९ मध्ये गेलं. एव्हरनोट हे नोंदी ठेवण्याचं ॲप चालू आहे, पण मालकी बदलल्यानंतर, २०२३ च्या अखेरीस, मोफत वापर ५० नोंदी आणि एका वहीपुरता मर्यादित झाला.

यामागे दुष्टपणा शोधायची गरज नाही, हिशेब पाहिला तरी पुरतं. सिंकचे सर्व्हर दर महिन्याला खर्च मागतात. साधी यादी हवी असलेला माणूस सहसा पैसे देत नाही. पैसे देतात ते संघ आणि कंपन्या. मग ॲप त्यांच्याकडे झुकतं: तक्ते, परवानग्या, चर्चा, अहवाल. एकट्या माणसाची साधी यादी त्यात मागे पडते, किंवा कुणी मोठा ते सगळं त्याच्या माणसांसकट विकत घेतो. ॲस्ट्रिडची मूळ संहिता, म्हणजे ॲप ज्यातून बनतं तो प्रोग्रॅम, कुणालाही वापरायला खुली होती, म्हणून तिच्यावर उभं राहिलेलं टास्क्स हे ॲप पुढेही चालत राहिलं. बाकीच्यांच्या वापरकर्त्यांना तो मार्ग नव्हता.

म्हणून ॲप निवडताना रंगरूप पाहण्याआधी माहिती बाहेर कशी निघते ते पाहावं, आणि ते नुसतं वाचून न सोडता एकदा करून पाहावं. दहा-बारा नोंदी घाला: एक दर महिन्याला येणारी, एक उपकामं असलेली, एक फोटो जोडलेली, एक पूर्ण झालेली. मग एक्सपोर्ट करा आणि मिळालेली फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडा. बहुधा शीर्षकं आणि तारखा व्यवस्थित येतात. पुनरावृत्ती अनेकदा तुटते आणि एकच सुटी तारीख उरते. उपकामं कधी मुख्य कामाखालून निसटून सुटी पडतात, तर कधी वर्णनातल्या साध्या ओळी होऊन बसतात. फोटोच्या जागी कंपनीच्या सर्व्हरवरची लिंक आली असेल तर तो फोटो तुमच्याकडे आलेला नाही. सर्व्हर बंद झाला की ती लिंकही मरेल. असे फोटो नोंदीला जोडण्याऐवजी आपल्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि नोंदीत फक्त फाइलचं नाव लिहावं.